घर बघायचं तर नोव्हेंबरात

पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या डोंबिवलीच्या, वय ३८. तिथे एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करायच्या. लग्नानंतर इंग्लंडला आल्या आणि बरीच वर्षं लंडनच्या हॅरो या उपनगरातल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहिल्या. मुलाच्या शाळेचा विचार करून गेल्या उन्हाळ्यात हे कुटुंब बकिंगहॅमशरमध्ये, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वे लाइनच्या टोकाकडच्या एका गावात भाड्याच्या घरी राहायला आलं. मागे बाग, बागेच्या कुंपणाला लागून शेत. नवरा सकाळी सातला निघतो, संध्याकाळी सातला येतो. मुलगा येत्या सप्टेंबरात इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात जाईल.

त्या लिहितात : "दुपारी दोन वाजता मला माझ्याच फ्रिजचा आवाज ऐकू येतो. संक्रांतीला शेजारच्या आजींकडे तिळगूळ घेऊन गेले. त्यांनी दारातच डबी घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि दार लावलं. दोन दिवसांनी रिकामी डबी पायरीवर ठेवलेली आणि लेटरबॉक्समध्ये एक कार्ड, एवढंच. मुलाला घेऊन शेतातल्या वाटेनं फिरायला गेले, तर एका गृहस्थांनी विचारलं, तुम्ही हरवलात का? त्यानंतर मी त्या वाटेला गेलेच नाही. आता ह्यांना इथेच घर विकत घ्यायचंय. म्हणतात, लोक अशा जागेची स्वप्नं बघतात. मला हॅरोला परत जावंसं वाटतं. पण माझ्या एकटीपायी मुलाची शाळा आणि ह्यांची हौस मोडू का? की माझ्यातच काही कमी आहे?"

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. तुमच्यात काही कमी नाही. डोंबिवलीच्या चाळीवजा बिल्डिंगमध्ये वाढलेल्या आणि नंतर हॅरोत राहिलेल्या बाईला दुपारी दोन वाजता फ्रिजचा आवाज खायला उठला, तर त्यात नवल नाही. शांततेचं कौतुक करता येणं हा काही सद्गुण नाही, आणि ती न आवडणं हा दोषही नाही. फोटो बघून "नशीब काढलंस" म्हणणाऱ्यांना त्या फोटोत मंगळवारची दुपार दिसत नाही.

पण तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. त्या जरा सोडवून बघू, कारण घर घ्यायचं की नाही हे त्यावर ठरणार आहे.

पहिली गोष्ट, तुमचं गाव शांत आहे ते योगायोगानं नाही. मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८९मध्ये चेशमला आणि १८९२मध्ये अ‍ॅमरशमला पोचली. पुढे त्या कंपनीनं रुळांच्या कडेच्या जमिनींवर घरं बांधून विकायचा धंदा मांडला आणि १९१५पासून त्या सगळ्या पट्ट्याला 'मेट्रो-लँड' नाव देऊन दरवर्षी सचित्र पुस्तिका काढल्या. विकत होते काय? शहरातली नोकरी आणि खेड्यातली हवा. नवरा गाडीनं लंडनला जाणार, बायको बागेत गुलाब लावणार, असा एकूण हिशेब. नंतर ग्रीन बेल्टची धोरणं आली आणि लंडनभोवतालच्या मोकळ्या जमिनीवर बांधकामाला चाप बसला. तुमच्या कुंपणापाशी गाव एकदम थांबतं आणि शेत सुरू होतं, ते त्यामुळे. शंभर वर्षांपूर्वी ज्या बाईसाठी ही रचना झाली, ती तुम्ही नाही. तिच्याकडे मैत्रिणी होत्या, चर्च होतं, तिची भाषा बोलणारा वाणी होता. तुम्हाला त्यातलं फक्त घर मिळालं.

म्हणजे, थोडे दिवस जाऊ द्या, वस्ती वाढेल, वर्दळ होईल, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. वर्दळ होऊ नये म्हणूनच तिथले लोक नगरनियोजनाच्या अर्जांवर हरकती नोंदवत असतात!

आता शेजारच्या आजी. तुम्ही त्यांचं बंद दार बघितलंत, मला ते कार्ड जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या बाई पेन घेऊन बसल्या, कार्डावर चार ओळी लिहिल्या, डबी धुऊन पायरीवर ठेवली आणि तुम्हाला त्रास नको म्हणून बेल वाजवली नाही. त्यांच्या पिढीच्या इंग्रज रीतीत ही परतभेट झाली. आपल्याकडे डबी रिकामी परत करत नाहीत, तिकडे कार्ड लिहिल्याशिवाय राहत नाहीत. न सांगता कुणी दारात उभं राहिलं की ती माणसं गडबडतात. घरात बोलवावं तर पसारा आहे, न बोलवावं तर वाईट दिसतं, म्हणून थँक्यू म्हणून दार लावतात आणि मग बहुधा संध्याकाळभर चुटपुटत बसतात. त्यांना वेळ आणि निमित्त आधी कळलेलं बरं वाटतं. "येत्या गुरुवारी अकरा वाजता चहाला याल का?" अशी चिठ्ठी टाकून बघा. किंवा त्याहून सोपं, काहीतरी विचारायला जा. बागेतल्या सफरचंदाची छाटणी कधी करायची, या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा. आपण काही द्यायला गेलो की ती माणसं अवघडतात, मदत मागितली की खुलतात. कुंडीतल्या रोपाबद्दल विचारलंत तर अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

हे सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही. काही माणसं सरळ थंड असतात, काही त्याहून वाईट. "तुम्ही हरवलात का?" हा प्रश्न मदतीचा असू शकतो, तसाच "तुम्ही इथे कशा?" असाही असू शकतो. त्या गृहस्थांचा चेहरा मी बघितला नाही, तुम्ही बघितलात. इंग्लंडच्या शेतवाटांवर आपल्या रंगाची माणसं अजून कमी दिसतात आणि ते जाणवतं, तेव्हा सगळं तुमच्या मनाचे खेळ म्हणून मी झटकणार नाही. कुणी रंगावरून, धर्मावरून अपशब्द वापरला किंवा अंगावर आलं, तर पोलिसांच्या १०१ नंबरवर तक्रार नोंदवा, आणि तिथल्या तिथे धोका वाटला तर ९९९. "एवढ्याशासाठी कशाला" म्हणू नका.

पण ती वाट सोडू नका, कारण ती तुमची आहे. इंग्लंडात 'पब्लिक फुटपाथ' म्हणून नोंदलेली वाट कुणाच्या खासगी शेतातून, अगदी गव्हातून गेली तरी तिथून चालायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याला पासपोर्ट लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. हा हक्क तिथल्या सामान्य माणसांनाही कुणी आयता ताटात वाढलेला नाही. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या डोंगरावर, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीत जाणूनबुजून घुसले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. (त्याच वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला हे साल लक्षात ठेवायला आवडतं.) पुढे १९४९च्या कायद्यानं काउन्सिलांना, म्हणजे स्थानिक प्रशासनांना, अशा सगळ्या वाटा अधिकृत नकाशावर नोंदवायला लावल्या. शेतकऱ्यानं वाट नांगरली तरी ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. अडवली असेल, तर काउन्सिलच्या 'राइट्स ऑफ वे' विभागाला कळवायचं.

वाट ओळखायला खांबावरचा बाण बघा. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशासंस्थेचा केशरी वेष्टणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, त्यात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. 'प्रायव्हेट' पाटी बघून बिचकू नका. ती बहुतेकदा वाटेच्या आजूबाजूच्या जमिनीबद्दल असते, वाटेबद्दल नाही. किसिंग गेट नावाचं एक फाटक लागेल : अर्धवर्तुळाकार कठड्यात झुलणारं दार. आधी आत शिरून कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, दार आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं, मग बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस, म्हणून गाय निसटत नाही. मुलाला ते भारी आवडेल. गाई मात्र गंमत म्हणून घेऊ नका. वासरं जवळ असतील तर लांबून वळसा घाला, त्यासाठी वाट सोडावी लागली तरी चालेल. आणि ऑक्टोबर ते मार्च गुडघ्याखालपर्यंतचे वेलिंग्टन बूट हवेतच. चिल्टर्न्सच्या, म्हणजे तुमच्याकडच्या टेकड्यांचा, चिखल बुटाचा तळ धरून ठेवतो.

डोक्यावर ज्या लाल घारी फिरताना दिसतील, त्यांचीही गोष्ट आहे. इंग्लंडातून त्या नामशेष झाल्या होत्या. १९८९पासून स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्न्समध्ये सोडली, आता जागोजाग दिसतात. मुलाला सांगा.

रोज त्याच वेळी त्याच वाटेनं गेलात की कुत्रे फिरवणारी तीच माणसं भेटतात. आधी कुत्र्याशी बोलायचं, मग हवेबद्दल, मग माणसाशी. क्रम चुकवू नका.

आता ज्या गोष्टीचा तुम्ही पत्रात जेमतेम अर्ध्या ओळीत उल्लेख केलात, तिकडे येते. तुम्ही हिशेबाचं काम करायच्या. मला वाटतं, तुमच्या दुखण्याचं मूळ शेतापेक्षा इथे जास्त आहे. डोंबिवलीत शेजार आपोआप मिळतो. जिन्यात, नळावर, दुधाच्या रांगेत माणसं भेटतातच, भेटणं टाळायचं तर कष्ट पडतात. हॅरोतही थोडंफार तसंच. तुमच्या आताच्या गावात नुसतं शेजारी राहून कुणी भेटत नाही. माणसं भेटतात ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या कामासाठी : बुधवारी कॉयरचं समूहगान, शनिवारी सकाळी नऊला पार्करन नावाची सगळ्यांची धाव, महिन्यातून एकदा विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे बायकांचं मंडळ. बाहेरून बघणाऱ्याला गाव मेलेलं वाटतं, आणि व्हिलेज हॉलच्या नोटीस बोर्डावर टाचणी टोचायला जागा नसते.

त्या बोर्डावर बारकाईनं बघितलंत तर एक चिठ्ठी हमखास सापडेल : खजिनदार पाहिजे. व्हिलेज हॉल, प्लेग्रुप, क्रिकेट क्लब, बागकाम मंडळ, सगळ्यांना वर्षाचे हिशेब करावे लागतात, यातल्या कित्येक संस्था तर धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असतात. आणि इंग्लंडात केक करायला वीस जणी पुढे येतात, हिशेबाला कुणी येत नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि पावत्या जुळवू शकणारी बाई त्यांना मिळाली की ते तिला सोडत नाहीत. बैठकीला बोलावतात, घरी सोडायला येतात, तिचं नाव नीट उच्चारायला शिकतात. हे काम बिनपगारी असेल, पण तुम्हाला तिथला अनुभव आणि शिफारसपत्र देईल. पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावच्या पंचायतीला, मात्र पगारी क्लार्क असतो. बऱ्याचदा अर्धवेळ, बऱ्याचदा हिशेबही त्यानंच बघायचा, आणि काम निम्मंअधिक घरून. शाळांच्या ऑफिसात फक्त शाळा चालू असलेल्या आठवड्यांपुरत्या नोकऱ्या निघतात. कामाची परवानगी तुम्हाला आहे असं तुम्ही लिहिलंयत, तेव्हा अडचण काही नसावी. मला विचाराल तर तिळगुळाआधी याला हात घालायला हवा होता.

पॅरिश कौन्सिलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. इंग्लंडात कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, तिथल्या स्थानिक आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. ऑनलाइन नाव नोंदवा, पाच मिनिटांचं काम आहे. दारावर मतं मागायला उमेदवार आला की गावातल्या भानगडी फुकटात कळतात.

गाडीचं थोडक्यात. भारतातलं लायसन्स तिथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, म्हणजे तुमचं कधीच संपलं. अर्ध्या तासाला एक ट्रेन आणि सातनंतर नावालाच असलेली बस, अशा गावात गाडी न चालवता राहणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर जगणं. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज याच आठवड्यात करा. आधी थिअरी, मग प्रत्यक्ष परीक्षा, आणि तिची तारीख मिळायला कित्येक महिने जातात.

हॅरो. आठवड्यातून एक दिवस तिकडे जा, त्यात हार कसली? तुमच्याच लाइनवर अर्ध्या-पाऊण तासात हॅरो-ऑन-द-हिल येतं. कढीपत्ता घ्या, मैत्रिणीकडे जेवा, पोटभर मराठीत बोला. पण जाऊन आल्यावर स्वतःला एक विचारा : आठवण येते ती हॅरोची, की मूल लहान होतं आणि त्याला सोडायला जाताना फाटकाशी चार आया रोज भेटायच्या त्या दिवसांची? त्यातल्या दोघी आता नोकरीला लागल्या असतील, एक लेस्टरला गेली असेल. परत गेलात तरी दुपारी दोन वाजता तिथेही फ्रिज आहेच. माझं म्हणणं हॅरो वाईट असं नाही. तिथे परत जाण्याचं कारण खरं असावं, एवढंच.

तब्येतीचं एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड. हा फरक अंगाला कळतो. ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. सुपरमार्केटात स्वस्तात मिळतं. रडू येणं, झोप उडणं, अंथरुणातून उठू नये असं वाटणं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो स्वभाव नव्हे, जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला दाखवा.

आणि आता ह्यांच्याबद्दल. "माझ्या एकटीपायी" असं तुम्ही लिहिलंत. हिशेबनीस आहात, तर हिशेब मांडा. त्या घरात जागेपणी, उजेडात सर्वांत जास्त तास कोण असतं? डिसेंबर-जानेवारीत तुमच्या नवऱ्यानं ते घर कामाच्या दिवशी उजेडात बघितलेलंच नाही. त्यांना दिसतो शनिवारचा बगीचा, चहाचा कप आणि पलीकडचं शेत. त्यांचं प्रेम खोटं नाही, पण ते आठवड्याला दोन दिवसांच्या अनुभवावर बेतलेलं आहे. तुमचं मत सात दिवसांचं आहे. या घराच्या बाबतीत तुमचं पारडं जड धरायला हवं, आणि हे त्यांना सांगायला हवं. भांडण म्हणून नको, माहिती म्हणून. "मला इथे आवडत नाही" म्हणालात तर ते समजूत घालतील. "सोमवार ते शुक्रवार माझा दिवस असा जातो" असं तासातासानं सांगा. शक्य असेल तर त्यांना नोव्हेंबरातल्या एका बुधवारी घरून काम करायला लावा, आणि तुम्ही त्या दिवशी हॅरोला जा.

घराच्या खरेदीला एवढी घाई कसली, हेही विचारा. मुलाची बकिंगहॅमशरच्या ग्रामर शाळांची, म्हणजे निवडून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेशपरीक्षा सप्टेंबरात, माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, शाळा कुठली मिळाली ते १ मार्चला कळणार. तोवर भाड्याच्या घरातच राहा, पत्ताही बदलू नका, कारण प्रवेशात राहण्याचं ठिकाण बघतात. म्हणजे तुमच्या हाती आणखी एक हिवाळा आहे, पण या खेपेला काम, वाट आणि लायसन्सची खटपट सोबत घेऊन. मधल्या काळात घरं बघायचीच असतील तर बघा, मात्र मे महिन्यात, ब्लूबेल फुललेले असताना नव्हे. त्या दिवसांत तिथलं कुठलंही घर आवडतं. नोव्हेंबरात, संध्याकाळी पाच वाजता, पावसात, स्टेशनापासून पायी जाऊन बघा. वाटेत दिवे आहेत का, दुकान उघडं आहे का, कुणी दिसतं का. आणि हे लक्षात असू द्या की इंग्लंडात करारपत्रांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत घेणाऱ्याला माघार घेता येते. वकिलाचा आणि पाहणीचा खर्च बुडेल, घर गळ्यात पडणार नाही.

मार्चमध्ये दोघं मिळून ठरवा. तेव्हाही तुम्हाला नको वाटलं, तर नको. कारणं देत बसावं लागणार नाही, दोन हिवाळे पुरेसे आहेत. फक्त तेव्हा पर्याय दोनच आहेत असं धरून चालू नका. तुमचं गाव आणि हॅरो यांच्या मध्ये त्याच लाइनवर रिक्मन्सवर्थ आहे, नॉर्थवुड आहे, पिनर आहे. पिनरला झाडं आहेत, बाग आहे, आणि रस्त्यावर माणसंही आहेत. शाळेचं अंतर आणि भाडं तेवढं आधी तपासा. एखाद्या मंगळवारी अकराच्या सुमारास तिथे उतरून हाय स्ट्रीटवर एक चक्कर मारून या. ह्यांना आत्ताच सांगायची गरज नाही.